आईच्या खाटेखाली सेन्सर बसवतायत, सही करू का?

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे, गेल्या वर्षापासून बोरिवलीतल्या एका केअर सेंटरमधे ठेवलंय. डिमेन्शिया आहे, रात्री मधेच उठून चालायला लागते, दोनदा पडली पण, नशीब की हाड मोडलं नाही. आता सेंटरवाले म्हणतायत प्रत्येक खाटेखाली सेन्सर लावणार, खोलीत कॅमेरा पण, त्यासाठी महिन्याला जास्तीचे पैसे आणि संमतीपत्रावर सही मागतायत. मी मुलुंडला राहते, नोकरीमुळे रविवारीच जाणं जमतं, त्यामुळे मला आधी बरंच वाटलं होतं. पण रात्रपाळीच्या मावशी, ज्या आईचं अगदी मनापासून करतात, त्या म्हणाल्या की "ताई, हे आमच्यावर नजर ठेवायला आहे, उद्या कोणी पडलं तर खापर आमच्याच डोक्यावर फुटणार." काय करू?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, मावशींची भीती खरी आहे, ती बाजूला ठेवून सही करू नका. मी सेन्सरच्या विरोधात मुळीच नाही, पण तो मावशींच्या मदतीला येतोय की त्यांच्या मागावर, यावरच सगळं ठरतं.

आधी तो करतो काय ते बघू. गादीवर किंवा गादीखाली एक पातळ पट्टी असते, माणूस उठला आणि वजन गेलं की बाहेर अलार्म वाजतो, काही मशीन तर श्वासाने आणि हृदयाच्या ठोक्याने होणारी बारीक हालचालसुद्धा मोजतात. पण आई उठून उभी राहिली आणि तोल गेला यात काही सेकंदच जातात आणि मावशी त्यावेळी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला कोणाचं तरी डायपर बदलत असतात, मग अलार्म ऐकून त्या पोचणार कशा? अमेरिकेत एका हॉस्पिटलच्या १६ वॉर्डांमधे हे तपासलं होतं, २०१२ साली छापून आलं, काही वॉर्डांत बेड अलार्मचा वापर मुद्दाम वाढवला तरी पडण्याचं प्रमाण म्हणावं तसं कमी झालंच नाही. तेव्हा "सेन्सर लावला की आई पडणार नाही" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग उपयोग कुठे आहे? एक म्हणजे पडलेलं माणूस तासनतास जमिनीवर राहत नाही. म्हाताऱ्या माणसाला तसं पडून राहणं फार वाईट, स्नायूंना इजा होते, त्याचा किडनीवर परिणाम होतो, अंगाला जखमा होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे महिन्याभराच्या नोंदी. समजा त्यात दिसलं की तुमची आई रोज पहाटे चारच्या सुमारास उठते, तर बहुतेक तिला लघवीला जायचं असतं आणि सांगता येत नाही, मग साडेतीनला मावशींनी स्वतःहून बाथरूमला नेऊन आणलं की प्रश्न बराचसा तिथेच मिटतो. लघवी जास्त होणारी बीपीची गोळी संध्याकाळी चालू असेल तर डॉक्टरांना वेळ बदलता येईल का ते विचारा (स्वतः बदलू नका). शिवाय खाट बुटकी हवी, बाथरूमपर्यंत मंद दिवा हवा, आणि आपल्याकडच्या बाथरूमची ओली फरशी न् उंबरठा हा तर मोठाच धोका, त्याला सेन्सर काय करणार! खाटेला उंच कठडे लावू किंवा रात्री हात बांधू म्हणाले तर साफ नाही म्हणा, डिमेन्शियाची माणसं कठड्यावरून चढायला जातात आणि जास्त उंचावरून पडतात.

सेंटरला विचारा की रात्री किती पेशंटमागे किती मावशी आहेत आणि अलार्म कोणाकडे वाजतो. मावशींच्या स्वतःच्या मोबाइलवर, त्यांच्याच डेटा पॅकवर वाजणार असेल तर ते चुकीचं आहे, सेंटरने वेगळा हँडसेट द्यायला हवा. पावसाळ्यात वायफाय गेलं, लाइट गेली तर तिथल्या तिथे वाजतो का? सगळ्या खाटांना एकच सेटिंग ठेवलं तर कोणी नुसती कूस बदलली तरी वाजत राहतं आणि रात्रभर तेच ऐकून कान सरावतात, मग खरा अलार्म पण दुर्लक्षित होतो, याला मावशींचा आळस म्हणू नका, आयसीयूतल्या ट्रेन्ड नर्सेसचंही हेच होतं. जे एकटे उठूच शकत नाहीत त्यांना उठण्याचा अलार्म कशाला?

कॅमेऱ्याला मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. त्याच खोलीत आईचे कपडे बदलतात, स्पंजिंग होतं, आणि तिला नाही म्हणता येत नाही म्हणून आपण हो म्हणायचं हे मला पटत नाही. शेअरिंगची खोली असेल तर दुसऱ्या आजींचाही प्रश्न आहे. पॅसेजमधे, जिन्याशी, मेन दरवाज्याशी कॅमेरा जरूर असू दे, डिमेन्शियाचं माणूस बाहेर निघून जाऊ शकतं. खोलीत काही हवंच असेल तर रडारवर चालणारी, चित्र न काढता पडणं ओळखणारी यंत्रं मिळतात, ती आहेत का विचारा.

संमतीपत्रात दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर कॅमेऱ्याची ओळ खोडून बाजूला सही करा आणि त्याची कॉपी घ्या. नोंदी कोण बघणार, किती दिवस ठेवणार हे लेखी मागा. २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात दिलेली संमती मागे घ्यायची तरतूद आहे. नोंदींवरून मावशींचा पगार कापला जाणार नाही हेही त्यात घालायला सांगा, तुम्ही पैसे देणाऱ्या आहात, तुमचं ऐकतील, मावशींचं नाही ऐकणार.

आणि जास्तीचे पैसे द्यायच्या आधी बाकीच्या नातेवाईकांशी बोलून बघा, सगळ्यांचे मिळून रात्रीला अजून एक मावशी ठेवता येत असतील तर मी आधी ते मागेन, सेन्सर त्यानंतर. सेंटर काहीच ऐकत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे, फोन फुकट लागतो, तिथे सल्ला मिळतो.