आपलं गाव २१०० सालात नेऊन त्यावर टेबलटॉप रोलप्लेइंग गेम रचायचा आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून, एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी पात्रं घेऊन फासे टाकत खेळायचं, तो खेळ. नावं खरी ठेवावीत का? नियम कुठले घ्यावेत? आणि मराठवाड्यातल्या गावात दुष्काळ सोडून दाखवण्यासारखं काय असणार? असे तीन प्रश्न मला विचारलेत.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं छोटी आहेत. मी लिहायला बसलो ते तिसऱ्यामुळं. हेच वाक्य मी एकदा समोरासमोर ऐकलंय आणि त्याचं उत्तर तेव्हा मनासारखं देता आलं नव्हतं.

नावं खरी ठेवा. शॅडोरन हा भविष्यकाळात घडणारा असाच एक खेळ १९८९ मध्ये आला तेव्हा त्यांनी सिअॅटल घेतलं ते सिअॅटल म्हणूनच. नाव बदललं की गावातला खेळाडू परका होतो आणि बाहेरच्याला तसाही फरक पडत नाही. नियमांचं म्हणाल तर सहा बाजूंचे दोन फासे आणि चार पानांत मावणारी कुठलीही हलकी पद्धत पुरे. जाडजूड नियमांची पुस्तकं बंदुकांच्या तक्त्यांनी भरलेली असतात. आपल्याकडच्या भांडणांना ते तक्ते लागत नाहीत.

आता दुष्काळाचं.

मी लातूरचा. शिकायला पुण्यात होतो तेव्हा होस्टेलवर एक मित्र खेळ चालवायचा. चालवायचा उत्तम, ते नाकारत नाही. एकदा त्यानं माझ्यासाठी म्हणून 'लातूर, २०९०' असा डाव मांडला. सुरुवातीचं वर्णन असं: क्षितिजापर्यंत वाळू, उंटांचे तांडे, कोरड्या धरणात सांगाडे, तोंडाला फडकी बांधलेले लुटारू. मी विचारलं, आमची बाजारपेठ, गंजगोलाई, कुठंय? म्हणाला, काही उरलेलं नाही. मी म्हटलं, अरे, काळ्या मातीची वाळू होत नसते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पाय जाईल एवढी, आणि पहिल्या पावसात चपलेला किलो-किलोनं चिकटते. उंट कुठून आणलेस? तो म्हणाला, "भविष्यात तुमचा मोंढा कुणाला बघायचाय? दुष्काळ हीच तर तुमची ओळख आहे."

त्या रात्री मेसची वेळ टळून गेली तरी आमचं भांडण चालू होतं. त्या डावात मी पुढं बसलो नाही. मैत्री टिकली, मुद्दा मात्र तसाच राहिला. म्हणून इथं तो सविस्तर लिहितो.

लातूरला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. हे वाळवंट नाही. इथली अडचण वेगळी आहे: पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, आणि आलेलं पाणी कुणाच्या शेतात, कुणाच्या कारखान्यात, कुणाच्या नळाला जाईल हे पावसावर ठरत नाही. २०१६ घ्या. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लावून जमावबंदी केली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी (रेल्वेचे टँकर-डबे), साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं. एकाच वर्षात साडेतीनशे किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी आणि भरलेलं धरण! २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर अतिवृष्टीनं उभी सोयाबीन पाण्यात गेली. भविष्यातला मराठवाडा लिहायचा तर ही दोन्ही टोकं एका वर्षात बसवा. नुसती वाळू म्हणजे लिहिणाऱ्यानं न बघता लिहिलंय.

आणखी एक गोष्ट त्या मित्राला माहीत नव्हती, मला तेव्हा सुचली नाही. ती गाडी ज्या मार्गानं आली तो मुळात बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी नॅरोगेजचा. मिरज ते लातूर अशी पूर्ण लाइन १९२७ साली झाली. तिचं ब्रॉडगेज टप्प्याटप्प्यानं होत २०१० पर्यंत पुरं झालं. म्हणजे हाच दुष्काळ वीस वर्षं आधी पडला असता तर त्या वाघिणी लातुरात थेट येऊच शकल्या नसत्या. भविष्य रचताना मी आधी हे शोधतो: आज कुठला रूळ, कुठली पाइपलाइन, कुठला रस्ता टाकला जातोय, ज्यावर साठ-सत्तर वर्षांनी कुणाचा तरी जीव अवलंबून असेल. उडत्या गाड्यांचं नंतर बघता येतं.

शिक्षण संपवून लातूरला परत आल्यावर मी माझा डाव मांडला. साल २०९१. दिवाळीची सुट्टी, घरी मामेभाऊ, मामेबहीण, शेजारचे दोन मित्र. नकाशा म्हणून मी गंजगोलाई काढली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: मधोमध दुमजली गोल इमारत, आत अंबाबाईचं देऊळ आणि भोवती सोळा रस्ते. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ती आखली. सराफ, कापड, भुसार, चपला, मिरची, गूळ, ज्याचा त्याचा रस्ता. खेळ चालवणारे संकट किती जवळ आलं हे दाखवायला वर्तुळाचे तुकडे करून रंगवतात ना, ते वर्तुळ आमच्या गावात शंभर वर्षांपासून दगडात बांधलेलं आहे. माझ्या डावात फासा फसला की गोलाईचा एक रस्ता बंद होतो. कुठला बंद करायचा हे खेळाडूंनी ठरवायचं. भुसाराचा बंद केला तर हमाल तुमच्या विरोधात, सराफाचा केला तर उचल मिळायची बंद. सोळाही बंद झाले की डाव संपला.

त्या दिवशीचा प्रसंग असा होता की मिरजेकडून पाण्याची गाडी निघालीय आणि शहरात टँकर वाटपाची यादी फुटलीय. मामेभाऊ टँकरवाला, मामेबहीण खानावळ चालवणारी, एक मित्र हमालांचा मुकादम, दुसरा नांदेडकडून ट्यूशनला आलेला पोरगा. मी वर्णन करत होतो की टँकर गल्लीत शिरतो, लोक धावतात, चेंगराचेंगरी होते. आत्या दारात भाजी निवडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "असं नसतंय रे. पळून कुठं जायलेत? घागरी कुणी लावल्यात ते सांग आधी."

मग ती उठून आत आली आणि पुढचा तासभर डाव तिनंच चालवला. नंबर माणसाचा नसतो, भांड्याचा असतो. रात्रीच घागरी, कळश्या, कॅन ओळीनं लावून ठेवायचे. कड्यांतून दोरी ओवायची म्हणजे कुणी मधली उचलून पुढं सरकवत नाही. पहाटे राखण करायला एक पोरगं बसवायचं. बाळंतीण ज्या घरात असेल त्या घराची पहिली घागर न विचारता पुढं. जो भांडण काढेल त्याची भांडी शेवटाला. आणि कामावर जाणाऱ्यानं आपली भांडी कुणाच्या भरवशावर सोडली, ते त्या माणसाचं देणं लागतं, वर्षभर. "मी तुमच्या आईची चार महिने भरली," ती मामेबहिणीला म्हणाली, "अजून ती मला लोणचं पाठवती."

मी तिथल्या तिथं नियम बदलले. पाणी सापडतं का यासाठी फासे टाकायचेच नाहीत. प्रत्येकाच्या नावावर तीन भांडी ओळीत. साहसाला बाहेर पडायचं तर भांडी कुणाच्या तरी भरवशावर सोडायची आणि तेवढी देणी कागदावर लिहायची. फासा टाकायचा तो ओळीतली जागा राखण्यासाठी आणि ते देणं फेडताना. मुकादम झालेला मित्र गाडी अडवायला स्टेशनवर निघाला तेव्हा त्याची भांडी राखायला कुणीच तयार होईना, कारण आधीच्या डावात त्यानं खानावळवालीला फसवलं होतं. त्यानं अर्धा तास तिची मनधरणी केली. हातघाई नाही, गोळीबार नाही आणि कुणी जागचं हललं नाही. आत्यानं शेवटी त्याला सांगितलं, "माफी माग आणि तिची दोन भरून दे, मग जा." गाडी आली तेव्हा गोलाईचे पंधरा रस्ते बंद झाले होते, एकट्या गुळाच्या रस्त्यानं टँकर आत शिरले.

पाणी नसणं हा देखावा आहे. पाणी नसताना माणसं ओळ कशी लावतात, हे गाव आहे. माझ्या मित्राच्या वाळवंटात ओळच नव्हती, सगळे एकटे लुटारू होते. तहानलेला माणूस लगेच जनावर होतो असं ज्याला वाटतं, तो कधी नंबरला उभा राहिलेला नसतो.

आणि दुष्काळ सोडून काय, हे विचारलंत म्हणून सांगतो. येळवस. वेळ अमावास्येला आमचं अख्खं शहर रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्यात पुजायचे पाच पांडव, मग जेवायला भज्जी, उंडे, आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणी ना कुणी बोलावतंच. २०९१ मध्ये ही प्रथा टिकली असेल तर वर्षातला एक दिवस शहरात फक्त यंत्रं आणि ज्यांना कुणी बोलावलं नाही अशी माणसं असतील. यावर मी सलग तीन डाव चालवू शकतो. ट्यूशनचा भाग घ्या. आज परभणी, नांदेड, बीडकडची पोरं 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करायला इथं खोल्या घेऊन राहतात. खानावळी, अभ्यासिका, झेरॉक्स, सगळं त्यांच्यावर चालतं. परदेशी कथांतल्या महाकाय कंपन्या उसन्या आणू नका. आमच्याकडं सत्ता गाजवणारी संस्था उद्या कुठून उगवेल तर ती क्लासच्या इमारतीतून, जिथं पोराच्या गुणांवर घरादाराचं कर्ज ठरेल. आणि लातूरचं पाणी ज्या धरणातून येतं ते धनेगावला, बीड जिल्ह्यात. केवढं राजकारण आयतं मिळालंय!

किल्लारी मात्र जपून घ्या. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, पहाटे, विसर्जनाची रात्र संपताना. दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली. त्यानंतर नवी गावं सरळ ओळीत, वेगळ्या जागी बसवली. जुनं गाव आणि नवं गाव एकाच नावाचं. कल्पनेला हे ओढतं, मलाही ओढतं. पण टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या घरातलं कुणी गेलंय का हे आधी विचारा, आणि हो म्हणाले तर तो भाग सोडून द्या. आमच्याकडं असं घर मिळणं अवघड नाही.

नावं खरी ठेवा म्हटलं ते जागांबद्दल. जिवंत माणसांची नावं, दुकानाची पाटी, गल्लीतल्या अमक्याची ओळख पटेल असं पात्र, हे नको. जात हसण्यासाठी वापरू नका. बोली वापरा, पण सगळ्या पात्रांना 'काय करलालास' बोलायला लावून फक्त मुख्य पात्राला पुणेरी ठेवलं तर मी असल्या डावात बसणार नाही. आणि हे सगळं लातूरचं झालं. तुम्ही हिंगोलीचे किंवा गेवराईचे असाल तर माझी गोलाई तुमच्या कामाची नाही. गेवराईकडचे असाल तर ऊसतोडीला जाणारं गाव घ्या, जिथं सहा महिने म्हाताऱ्या आणि पोरंच मागं राहतात. तिथं अख्खा डाव आजीच्या हातात द्या.

बाहेरचा खेळाडू असेल तर त्याला खोली घेऊन राहणारा, नुकताच आलेला विद्यार्थी हे पात्र द्या. त्याला गाव माहीत नाही हे पात्रालाच शोभतं, आणि पहिल्याच डावात त्याला कळशी घेऊन नंबरला उभं राहावं लागतं. पुण्याच्या त्या मित्राला मी हेच पात्र देऊ केलंय. येळवशीला ये, शेतातच खेळू, असं कळवलंय. त्यानं अजून होकार दिलेला नाही.