पार्ट वॉशरमध्ये काय भरावं?

प्रश्न : गॅरेजसाठी पंपवाला पार्ट वॉशर (सुटे भाग धुण्याची टाकी) घेतला आहे. कामगार म्हणतो, पेट्रोल टाका, ग्रीस झटक्यात निघतं. चालेल का?

उत्तर : ग्रीस निघेल हो, पण गॅरेजही जाईल! पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. पंपाच्या मोटरची एक ठिणगी पुरे. पेट्रोल अजिबात नको.

रॉकेलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) साधारण ३८ अंशांच्या वर असतो. म्हणजे ते बरं, पण कडक उन्हाळ्यात पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं. शिवाय सुकल्यावर तेलकट थर राहतो. मी स्वतः ६० अंशांहून जास्त फ्लॅश पॉइंटचा मिनरल स्पिरिट (ग्रीस विरघळवणारा, पेट्रोलियमपासून बनलेला सॉल्व्हंट) वापरतो. डब्यावरचा आकडा वाचूनच घ्या. सुकायला वेळ लागतो, वास कमी येतो. बेअरिंगचा जुना, काळा, चिकट ग्रीस मात्र आधी खरवडून काढा. नाहीतर टाकीतलं द्रावण लवकर गढूळ होतं.

पाण्यात मिसळायचं डिटर्जंटही चांगलं, पण गरम लागतं आणि धुतल्यावर लोखंड लगेच पुसून तेल लावलं नाही तर गंज धरतो. कार्बोरेटर किंवा पिस्टन असेल तर कॉस्टिकवालं (कॉस्टिक सोडा असलेलं) डिटर्जंट घेऊ नका, अॅल्युमिनियम खातं. रबरी सील आधी काढून ठेवा, सॉल्व्हंटमध्ये ते फुगतात.

नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेलं द्रावण गटारात नाही, झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत कचरा नेणाऱ्याकडे द्या.