सही राष्ट्रपतींची, पण निर्णय कुणाचा?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा चहाबरोबर, दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन. माझ्या लाल पेनाची तुझ्या वर्गाला सवय आहे, त्यामुळे घाबरू नकोस. विषय चांगला निवडला आहेस, पण पहिल्याच परिच्छेदात ठेच खाल्लीस. तू लिहितेस, ‘राष्ट्रपती न्यायाधीश, निवडणूक आयुक्त, कॅग (सरकारी हिशेब तपासणारे महालेखापरीक्षक) या सर्वांना नेमतात, म्हणून त्यांच्या हाती अमर्याद अधिकार आहे.’ घटनेत शब्द तसेच आहेत खरे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश राष्ट्रपती आपल्या सहीशिक्क्यानिशी नेमतात. पण अनुच्छेद ७४ शेजारी ठेवून वाच. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. फार तर सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच परत आला की सही करावी लागते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष स्वतः माणूस निवडतो आणि सिनेट त्याला संमती देते किंवा नाकारते. आपल्याकडे ‘राष्ट्रपती’ हा शब्द दिसला की मनातल्या मनात ‘सरकार’ वाचायचं.

याचं उत्तम उदाहरण २००९ मधलं आहे आणि ते तुझ्या लेखात नाही. मुख्य निवडणूक आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी आपले सहकारी आयुक्त नवीन चावला यांना पदावरून दूर करण्याची शिफारस केली. राष्ट्रपतिपदी तेव्हा आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील होत्या. शिफारस फेटाळली गेली, आणि गोपालस्वामींच्या पाठोपाठ चावलाच मुख्य आयुक्त झाले. प्रतिभाताईंनी काय करायला हवं होतं, यावर तेव्हा आपल्याकडच्या कट्ट्यांवर पुष्कळ वाफ दवडली गेली. कुणी त्यांना शाबासकी दिली, कुणी बोल लावला. निर्णय मंत्रिमंडळाचा होता.

आता तुझ्या लेखाचा गाभा. ‘नेमणूक सरकारच्या हाती असेल तर ती संस्था स्वतंत्र राहूच शकत नाही,’ असं तू ठणकावून म्हटलंस. मी तीसेक वर्षं वर्गात याच्या अगदी उलट सांगत आलो : कोण नेमतो ते सोडा, कोण काढू शकतो ते पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामींविरुद्धचा ठराव लोकसभेत आला, काँग्रेसचे खासदार मतदानापासून दूर राहिले आणि ठराव पडला. इतका घट्ट दरवाजा. मुख्य निवडणूक आयुक्तालाही हेच कवच आहे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी सरकारला घाम फोडला तो या कवचाच्या जोरावर. त्यांना काढता येईना, म्हणून १९९३ मध्ये सरकारने त्यांच्या शेजारी आणखी दोन आयुक्त आणून बसवले. काढणं बंद असेल तर नेमणुकीनेच काम भागवायचं, ही युक्ती तिथे दिसते.

पण माझ्या सिद्धान्तालाही बाबासाहेबांनी आधीच सुरुंग लावून ठेवला आहे. जून १९४९ मधलं त्यांचं संविधान सभेतलं भाषण मिळव आणि वाच. सभेचे सदस्य शिब्बनलाल सक्सेना यांची सूचना होती की निवडणूक आयुक्ताच्या नेमणुकीला संसदेच्या दोन-तृतीयांश बहुमताची संमती घ्यावी. आंबेडकरांनी मोकळेपणाने कबूल केलं की मुदतीचं संरक्षण देऊन काय उपयोग, जर मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस त्या खुर्चीवर येऊ नये याची तरतूदच नसेल. आणि आपल्या मसुद्यात ती नाही, हेही सांगितलं. स्वतःच्या मसुद्यातली फट स्वतः दाखवणारा माणूस! ती फट ७४ वर्षं तशीच राहिली. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी निवड समिती सांगितली, संसदेने कायदा करेपर्यंत. डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे. माझ्या मते ही समिती नावापुरती आहे, आणि हे तू माझ्या नावावर खुशाल लिही.

न्यायाधीशांबद्दल मात्र तू फार घाईने निकाल दिलास. १९७३ तू एका ओळीत उरकलंस. घटनेची मूळ चौकट संसदेलाही बदलता येत नाही, हा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला, सात विरुद्ध सहा. लगेच बहुमतातल्या शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले. १९७७ मध्ये तीच पाळी न्या. एच. आर. खन्नांवर आली, कारण आणीबाणीत बंदिवासाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क नागरिकाला राहतो असं म्हणणारे पाच जणांत ते एकटे होते. इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं सांगत नाहीत. १९७८ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी जनता सरकारपुढे नाव होतं यशवंत विष्णू चंद्रचूडांचं. खन्नांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे बहुमतात, बसलेले ते. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला विरोध केला, आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या माणसांच्या सरकारने तरीही ज्येष्ठता पाळली. ते सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश राहिले. ज्याचा निकाल आवडत नाही त्याला डावलायचं, हे एकदा इंदिराजींसाठी चूक ठरवलं की मोरारजींसाठीही चूक ठरतं. यावर दोन पानं लिहिलीस तरी कमीच.

कॉलेजियमवर, म्हणजे नव्या न्यायाधीशांची नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळावर, तुझं वाक्य आहे, ‘न्यायाधीशांनी न्यायाधीश नेमणे हाच उपाय.’ १९९३ मध्ये न्यायालयाने घटनेतल्या सरन्यायाधीशांशी ‘सल्लामसलत’ या शब्दाचा अर्थ जवळजवळ ‘संमती’ असा लावला, आणि २०१५ मध्ये न्यायाधीश निवडण्यासाठी कॉलेजियमच्या जागी नियुक्ती आयोग आणणारी घटनादुरुस्ती चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. पण मे १९४९ मध्ये आंबेडकरांनी सरन्यायाधीशांच्या संमतीची सूचना नाकारताना म्हटलं होतं की सरन्यायाधीशही माणूसच, त्यालाही आपल्यासारखे पूर्वग्रह असतात. आयोगाच्या त्या निकालात एकट्याने विरोधी मत देणाऱ्या न्या. चेलमेश्वरांचा निकाल वाचल्याशिवाय हा परिच्छेद पुन्हा लिहू नकोस. त्यात केंद्रीय कायदा मंत्रालयात पडून राहणाऱ्या नेमणुकांच्या फायलींचंही घे. शिफारशीवर सरकारने किती दिवसांत सही करावी, हे घटनेत कुठेच नाही.

आणि निवृत्तीनंतरचा प्रश्न तू विसरलीस. कॅगला पद सोडल्यावर सरकारी पद घेता येत नाही, असं घटनेतच लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश वकिली करू शकत नाही, पण राज्यपाल होऊ शकतो, खासदार होऊ शकतो. दोन्ही झालेले आहेत. नावं शोधून काढ, मी देणार नाही.

दुसरा खर्डा दिवाळीच्या आधी पाठव, म्हणजे सुट्टीत निवांत बघेन. आणि पान ४ वर शेषन १९९२ मध्ये आले असं लिहिलंयस. ते डिसेंबर १९९० मध्ये आले.

तुझा,
सर