दोघांची विज्ञानकथा, टोपणनाव एक

प्रश्न : आम्ही नवरा-बायको मिळून विज्ञानकथा लिहितो. मी शिक्षिका, हे जिनिंगमध्ये कामाला. एकाच टोपणनावानं छापायचं आहे, पण कथा ठिगळ लावल्यासारखी वाटते. काम कसं वाटून घ्यावं? हक्क आणि मानधन कुणाच्या नावावर?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्ही बहुधा प्रकरणं वाटून घेता. तसं केलं की सांधा दिसणारच. अमेरिकन विज्ञानकथाकार हेन्री कटनर आणि सी. एल. मूर यांचं लग्न १९४० साली झालं. पुढं ‘लुईस पॅजेट’ या नावानं त्यांनी मिळून कथा लिहिल्या. एक दमला की दुसरा टंकयंत्रापाशी बसे आणि तिथूनच पुढं लिही. तुम्हीही प्रसंगाच्या मध्येच लेखणी बदला. बसणाऱ्यानं आधीची दोन पानं मोठ्यानं वाचावीत, अडेल ते वाक्य तिथंच बदलावं आणि मगच पुढं जावं. कुणी काय बदललं याचा हिशेब ठेवू नका.

त्याआधी मात्र विज्ञानाचे नियम एका वहीत दोघांनी मिळून लिहून काढा. समजा, कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा वंश खुंटवणारी नर पाखरं शिवारात सोडली, अशी कथा आहे. अळीची एक पिढी साधारण महिनाभराची. पाचव्या पानावर आठवडाभरात पऱ्हाटी निर्धोक झाली, तर आपल्याकडचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल. परिणाम पुढच्या पिढीत दिसणार, तोवर एखादी वेचणी होऊनही जाईल, आणि कथेतला खरा ताण त्या थांबण्यातच आहे. सालदार ‘मले’ म्हणतो की ‘मला’, हेही त्याच वहीत हवं. दोघांनी युनिकोडमध्येच टाइप करा. एकाची फाईल कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असली तर जोडताना अक्षरांचा चुथडा होतो.

टोपणनाव छापण्यापुरतं, संपादकांना दोघांची खरी नावं कळवा. जयंत नारळीकरांनी मात्र १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. स्पर्धेला पाठवताना दोघांनी मिळून लिहिलेली कथा चालते का, एवढं नियमांत आधी पाहा.

कोणाचा भाग कोणता हे वेगळं काढता येत नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तुम्ही दोघंही लेखक. खरी नावं उघड असली तर हक्क दोघांपैकी मागं राहणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. कधीच उघड झाली नाहीत, तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. प्रकाशकाच्या करारावर दोघांच्याही सह्या हव्यात. हक्क किती वर्षांसाठी देता ते लिहिलं नसेल, तर कायदा ५ वर्षं धरतो. मानधन टोपणनावावर जमा होत नाही. कोणाच्या खात्यात किती, हे करारातच घाला. एकट्यानं लिहिलेल्या कथेला ते नाव वापरायचं की नाही, याचा आपसातला कागद मात्र पहिली कथा छापायच्या आत करा. नाव गाजल्यावर हा विषय काढणं जड जातं.