जुन्या वास्तूला हात लावण्यापूर्वी

जीर्ण ऐतिहासिक इमारतीचे काम प्रथमच हाती घेत असाल, तर गिलावा खरवडण्याआधी पाणी कोठून शिरते याचा शोध घ्यावा. छप्पर, पन्हळी आणि पायालगतचा निचरा दुरुस्त झाल्याशिवाय आतील काम टिकत नाही. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याचा आग्रह अनेक कंत्राटदार धरतात, तो मात्र ठामपणे नाकारावा, कारण चुना भिंतीतील ओल बाहेर पडू देतो, तर सिमेंट ती आतच कोंडते आणि मग क्षार साचून मूळ विटा व दगडच झिजू लागतात. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, हे वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतील तत्त्व मला फार मोलाचे वाटते. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे व मोजमापे जपून ठेवावीत.