साडेआठचं रेकॉर्डिंग गेलं कुठं?

मागच्या अंकात सेट टॉप बॉक्सवर सहज चार ओळी लिहिल्या काय, पत्रांचा ढीगच आला. सूर सगळ्यांचा एकच, रेकॉर्डिंग लावलं होतं आणि झालं नाही. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, थोडी निवडून घेतलीत.

प्रश्न: सासूबाईंच्या मालिकांसाठी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्यायचाय. एकात आतच ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे, दुसऱ्याला मागून पेन ड्राइव्ह लावायचा आणि तो बराच स्वस्त पडतो. दुकानदार म्हणतो दोन्ही सेमच. खरंच सेम का? – एक सूनबाई, सांगली

उत्तर: सेम नाहीत हो. आणि फरक जीबीचा तर नाहीच, ट्यूनरचा आहे, म्हणजे चॅनल पकडणाऱ्या भागाचा. आत डिस्क असलेला बॉक्स, म्हणजे आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला त्या जातीचा, त्याला निदान दोन ट्यूनर असतात, एकावर मालिका रेकॉर्ड होतेय आणि दुसऱ्यावर सासरे बातम्या बघतायत असं चालतं. पेन ड्राइव्हवाल्याला बहुतेक वेळा एकच ट्यूनर, मग साडेआठला कोणी चॅनल बदलायला गेलं की स्क्रीनवर विचारणा येते, रेकॉर्डिंग थांबवू का, आणि सासरे न वाचताच ओके दाबून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी शिव्या मात्र बॉक्सला.

आता दोन ट्यूनरवाला घेतलात तरी गच्चीवरच्या छत्रीपासून खाली दोन केबल आल्या पाहिजेत, हे बसवायला येणारा पोरगा आपणहून सांगत नाही कारण त्याला परत वायर ओढायचा कंटाळा. एकाच केबलला स्प्लिटर लावून साध्या एलएनबीवर, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, भागत नाही. बॉक्स त्या एलएनबीला केबलमधूनच व्होल्टेज पाठवून सांगत असतो की मला कुठल्या बाजूचे चॅनल दे, १३ व्होल्ट म्हणजे उभ्या लहरींवरचे, १८ व्होल्ट म्हणजे आडव्या लहरींवरचे, आणि एकाच वायरवर दोघांनी दोन वेगळ्या ऑर्डरी सोडल्या तर एकाचं ताट रिकामं राहणारच. म्हणून एलएनबी पण दोन तोंडांचा लागतो, बिलावर सही करायच्या आधी गच्चीत जाऊन मोजा.

स्वस्तातलाच घ्यायचा असेल तर पेन ड्राइव्ह नको, त्याचा लिहायचा वेग कमी पडला की चित्र मधेच उड्या मारतं. पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, त्यातही शक्यतो स्वतःचा अडॅप्टर असलेली, कारण साध्या यूएसबी पोर्टमधून अर्धा अँपिअरच करंट मिळतो आणि डिस्क फिरायला लागताना कधी कधी त्याहून जास्त मागते, मग ती टकटक करत बसते. आणि हो, बॉक्स पहिल्यांदा ती फॉरमॅट करतो! लग्नाचे फोटो असलेली डिस्क लावू नका, हे मी हसत लिहितोय पण ज्या घरात हे घडलं तिथं कोणी हसत नव्हतं.

जीबीचा हिशोबही सांगतो, एचडी चॅनल सेकंदाला ६ मेगाबिट धरला तर तासाला साधारण २.७ जीबी जातात. ५०० जीबीतला काही भाग बॉक्स स्वतःसाठी ठेवतो, तरी दीडशे तासांच्या आसपास जागा राहते. सासूबाईंना पुरे. घरात टीव्हीसमोर दोन माणसं असतील तर मी आतल्या डिस्कवालाच घेईन.

प्रश्न: सिरीज रेकॉर्डिंग लावून ठेवलंय तरी रविवारचा भाग हमखास चुकतो, आणि बाकीच्या दिवशी शेवटची दोन-तीन मिनिटं कापलेली. बॉक्स बदलू का? – वाचक, नाशिक

उत्तर: नका बदलू, दुसऱ्यातही हेच होईल. बॉक्सला मालिका कळत नाही, त्याला फक्त वेळापत्रक कळतं, ते गाईडमधलं. चॅनलने पाठवलेली माहिती त्यात भरलेली असते, त्यात जे नाव आणि जी वेळ तेवढंच तो धरतो. आठवडाभर मालिकेचं नाव साधं असतं आणि रविवारी त्यालाच 'महाएपिसोड' चिकटवून एक तासाचा वेगळा कार्यक्रम म्हणून टाकलं, की बॉक्सच्या लेखी ही दुसरीच कुणीतरी बाई. तसंच मालिका साडेआठवरून सातवर सरकवली आणि गाईड उशिरा सुधारलं तरी गेलंच. म्हणून रविवारचं वेगळं लावायचं, शनिवारी रात्री गाईड उघडून. कटकट आहे, मान्य.

शेवट कापला जातो त्याला मात्र सोपा उपाय आहे. सेटिंगमध्ये आधी-नंतर जादा मिनिटं द्यायची सोय असते, नसेल तर पुढचा कार्यक्रम पण रेकॉर्डला लावा. मालिकेला आधी दोन, नंतर पाच मिनिटं बास. पण ही जादा मिनिटं पण ट्यूनर अडवतात बरं का, पाठोपाठ दोन चॅनलवर दोन मालिका असतील तर पहिलीची पाच मिनिटं दुसरीच्या सुरुवातीवर चढतात.

मॅचला पाच मिनिटांनी काही होत नाही. १४ जुलै २०१९, रविवार, लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल आणि त्याच संध्याकाळी विम्बल्डनची फायनल, दोन ट्यूनरला दोन मॅच लावून मी शहाणा बारशाला गेलो. तिकडे जोकोविच-फेडरर ४ तास ५७ मिनिटं खेळले, इकडे इंग्लंड-न्यूझीलंड दोघांचे २४१ होऊन सुपर ओव्हर लागली, ती पण टाय! माझ्याकडे फेडररचे मॅच पॉइंट नाहीत आणि सुपर ओव्हरही नाही, दोन्ही रेकॉर्डिंग आपापल्या वेळेला शिस्तीत बंद झालेली. बॉक्सची चूक शून्य. तेव्हापासून मॅचनंतरचे दोन तास मी डोळे मिटून लावतो, त्यात मग पॅनेलची बडबड रेकॉर्ड झाली तरी चालेल.

प्रश्न: पावसाळ्यात रेकॉर्डिंगमध्ये चौकोन चौकोन येतात, आवाज तुटतो. डिस्क गेली का? – वाचक, रत्नागिरी

उत्तर: जुनी रेकॉर्डिंग लावून बघा, ती नीट चालतायत ना, मग डिस्क ठणठणीत आहे. आपलं डीटीएच कू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतं आणि त्या लहरी जोरदार पावसात विरतात, आणि छत्रीला जे मिळालं नाही ते बॉक्स कुठून लिहिणार. पण रिमझिमीतही तसंच होत असेल तर पाऊस निमित्त, दिशा हललीय नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. कोकणात ते हिरवट गंजतातच. नवे लावा, वरून टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथूनच गळेल.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत, डिश कंपनीचा हॉपर ३ बॉक्स घ्यावा की डायरेक्टीव्हीचा जीनी? – वाचक, एडिसन

उत्तर: मोठं एकत्र कुटुंब असल्यासारखं तुम्ही सगळंच रेकॉर्ड करणार असाल तर हॉपर ३, त्यात १६ ट्यूनर आणि २ टीबी. मूळच्या जीनीत ५ ट्यूनर, १ टीबी, तेही चार माणसांना भरपूर. मी तर आधी आपले चॅनल कुठल्या कंपनीकडे आहेत ते बघेन आणि मग डबा. एक मात्र सांभाळा, तुमची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकतात, भारताची नाही, तेव्हा इथून लाइव्ह येणारं काही घड्याळाची वेळ टाकून लावलं असेल तर ते तासाने हुकतं. गाईडमधून लावा.

प्रश्न: बॉक्स बिघडला, कंपनीने नवा दिला. जुन्याची डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर बाबांनी जपलेली नाटकं मिळतील का? – वाचक, पुणे

उत्तर: नाही मिळणार. रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्सशी, त्याच कार्डाशी बांधलेली. रिचार्ज संपला तरी बऱ्याच बॉक्सवर ती उघडत नाहीत. नाटकांची नावं लिहून काढा आणि चॅनलच्या ॲपवर, यूट्यूबवर शोधा, काही सापडतील.

प्रश्न: रेकॉर्डिंगसाठी रात्री बॉक्स चालू ठेवावा लागतो का? आमचे अण्णा झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करतात. – वाचक, कराड

उत्तर: मग रेकॉर्डिंग अण्णाच खातायत. रिमोटने स्टँडबायला टाकलेला चालतो, भिंतीवरून बंद केलेला नाही. शिवाय लिहिता लिहिता वीज तोडली तर डिस्कवरची फाइल खराब होऊ शकते, रोज रोज झालं तर डिस्कही. समजा बॉक्स १२ वॅट खातो, महिनाभर चोवीस तास चालू राहिला तरी नऊ युनिटच्या आतच, हा आकडा अण्णांना दाखवा. नाही पटले तर आमच्याकडे केलं तसं करा, आम्ही टीव्ही आणि बॉक्सचे स्विच वेगळे केले आणि बॉक्सचा कपाटामागे घेतला. वडील अजून रोज रात्री टीव्हीचा स्विच बंद करतात आणि समाधानाने झोपतात.