भिंतीपलीकडचा दणदणाट

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेत सामाईक भिंतीच्या जुन्या घरात राहतो. शेजारच्या मुलाने दिवाळीत मोठी साउंड सिस्टीम घेतली असून तो रोज रात्री साडेनऊपासून साडेअकरापर्यंत गाणी लावतो. फडताळातले स्टीलचे डबे थरथरतात, सासूबाईंचा डोळ्याला डोळा लागत नाही. दोन्ही घरांचा तीन पिढ्यांचा घरोबा आहे, त्यामुळे पोलिसांत जाणे जिवावर येते. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डबे थरथरतात, म्हणजे तुम्हाला मुख्य त्रास गाण्याचा नसून त्यातल्या बेसचा आहे. जुन्या घराची जाड भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवते, पण खालच्या पट्टीची धडधड तिच्यातून सहज आरपार जाते. त्या मुलाला त्याच्या खोलीत गाणे ऐकू येते, तुमच्याकडे मात्र नुसते ठोके पोहोचतात, आणि याची त्याला खरोखरच कल्पना नसण्याची शक्यता आहे. म्हणून रात्री तावातावाने कडी वाजवण्यापेक्षा सकाळी त्याच्याशी बोलावे, घरच्या कोणाला तरी नेहमीच्याच आवाजात सिस्टीम लावायला सांगून त्याला तुमच्या फडताळापाशी उभे करावे. स्पीकर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून हलवणे, त्याखाली जाड रबर घालणे आणि बेसचे बटण उतरवणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. तालमीतल्या वडीलधाऱ्यांकरवी निरोप धाडण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती लागूही पडते. परंतु त्यात गोष्ट गल्लीभर होते व तरुण मुलगा हट्टाला पेटतो, म्हणून तो उपाय मी पहिल्या दिवशी करणार नाही.

तरीही फरक पडला नाही, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असून रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतील यंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. दिवसा काहीही चालते, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. मोबाईलवरील ॲपचे आकडे अंदाजापुरतेच धरावेत, शिवाय नेहमीच्या डेसिबल मोजणीत बेस कमीच भरतो. त्यापेक्षा तारीख आणि वेळ यांची रोजची नोंदवही अधिक उपयोगी पडेल. आवाज चालू असतानाच ११२ वर कळवता येते, अथवा पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ध्वनिवर्धकांच्या एका प्रकरणात तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असे पोलिसांना बजावले आहे. अर्थात तुमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच असल्याने तक्रार कोणी केली हे ओळखायला त्यांना वेळ लागणार नाही. तेव्हा तक्रार करायचीच झाली, तर त्यांना आधी सांगून करावी.